पूर्वजांच्या दाराला कागद

"तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसायचा नाही," तोराजीकाका म्हणाला, आणि न बसणारा विश्वास नीट पाहता यावा म्हणून त्याने आपली गोल विलायती टोपी कपाळावरून मागे सरकवली. "पण मरून इतकी वर्षं झालेला आमचा दादा त्या दाराआडून बोलला. बोलून थांबला नाही. वाडगाभर बैलाचं मांस खाल्लं आणि वाडगा चाटूनपुसून परत दिला."

पाहुण्यांमध्ये हशा पिकला. गव्हाची कापणी आटोपली होती, कोदेरांच्या सोयाच्या, म्हणजे सोयाबीनच्या मुरवलेल्या रसाच्या, कोठारात नवा माल भरला होता आणि आज घरात जेवणावळ होती. निमित्त मात्र मालाचं नव्हतं. सकाळी सूनबाई नुइ बाळाला कडेवर घेऊन स्वतःच्या पायांनी देवघरापर्यंत चालत गेली होती. कुणाचाही हात न धरता. म्हणून शेजारपाजार, नातलग, कोठाराचा म्हातारा मुकादम गेन्पाची, सगळे पंगतीला होते. दादाची बायको, घरच्या मालकीण इसेवहिनी, चहा ओतत होत्या.

"काका, मांस खाणारं भूत पहिल्यांदाच ऐकतोय," एक शेजारी म्हणाला. "भुतंसुद्धा सुधारली म्हणायची!"

"थट्टा करा," तोराजी म्हणाला. "मी त्या वेळी नदीवर होतो, होडीची वाट बघत. मला घरी आल्यावर कळलं."

यातलं नदीचं तेवढं खोटं होतं. खरं काय घडलं हे तोराजीइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण दाराच्या पलीकडे तोच होता.

झालं होतं असं. जपानच्या सरकारने पंचांग बदलून नववर्ष ऐन थंडीत आणून बसवलं, आणि तात्सुनो गावात सणाचे भात-लाडू कधी करायचे यावरून घराघरांत वाद झाले, तो हिवाळा. कोदेरांच्या घरात मात्र सणाची आठवण कुणालाच नव्हती. नुइ बाळंतपणानंतर उठलीच नव्हती. पाय सुजलेले, चेहरा कागदासारखा, दूध आटलेलं. बाळाला शेजारणीच्या अंगावर पाजत होते. गावच्या वैद्याचे काढे झाले, टेकडीवरच्या देवळातला अंगारा झाला. शेवटी तिचा नवरा शिन्नोसुके कोबेला जाऊन गोऱ्यांच्या हाताखाली शिकलेला डॉक्टर घेऊन आला. डॉक्टरने पाय दाबून पाहिले आणि म्हणाला, "बैलाचं मांस. मऊ शिजवून, रसासकट, रोज थोडं. नाहीतर..." आणि त्याने आपली पेटी बंद केली.

आता या घरात चार पायांचं जनावर कधी शिजलेलं नव्हतं. आणि शिन्नोसुकेने शरदात शेंडी कापून आल्यापासून इसेवहिनी मुलाशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. बोलायचं ते मांजराशी. "मांजरे, तुझ्या मालकाला सांग, जेवण वाढलंय." "मांजरे, मालकाला विचार, त्या उघड्या डोक्याला थंडी वाजत नाही का?" शिन्नोसुकेही मग मांजराकडे बघूनच उत्तर द्यायचा. मांजर कंटाळून कोठारात झोपायला जाऊ लागलं होतं.

त्या घरात मांस कोण आणणार? अर्थात तोराजी. कोबेच्या बंदरात त्याची ऊठबस होती, निदान तो तसं सांगायचा. लोखंडाची जहाजं तिथे म्हणे पाण्यावर नाही, धुरावर तरंगतात. तो गेला, मांसाचा तुकडा मिसोच्या खारट लगद्यात पुरून, बांबूच्या सालीत गुंडाळून, वर मुळ्यांची जुडी ठेवून घेऊन आला. अंगणात पाऊल टाकतो तोच स्वयंपाकघरातून वहिनींचा आवाज आला, "भावजी आले का? बोलवा त्यांना इकडे. आणि तो ढवळायचा बांबू द्या माझ्या हातात."

मुळ्यांची जुडी मांसासकट शिन्नोसुकेच्या हातात कोंबून तोराजी दिसेल त्या दारात शिरला. ते देवघर निघालं.

देवघर म्हणजे एक छोटी खोली. समोर सोनेरी लाकडी देव्हारा, त्यात पूर्वजांची नावं, खाली नैवेद्याचा भात आणि साकेची, तांदळाच्या दारूची, बुधली. दादाला साके आवडायची, म्हणून वहिनी ती रोज भरत. तोराजीने दादाला नमस्कार केला, बुधलीतला एक घोट घेतला, मग दादाच्या नावाने आणखी एक घेतला, आणि वादळ शमेपर्यंत जरा पाठ टेकू म्हणून आडवा झाला.

जाग आली ती सरसर आवाजाने. दाराच्या फटीवर कुणीतरी बाहेरून काहीतरी घासत होतं.

"खळ पातळ झालीय," मुलीचा आवाज आला. ही त्सुने, घरातली थोरली लेक, शेजारच्या गावात देवळाच्या पुजाऱ्याला दिलेली. आईची बाजू घट्ट करायला वहिनींनी तिला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. "आधी मधली फट, शिन. मग वरून खाली. कडेला कागद दुमडून घे, नाहीतर वास कोपऱ्यातून शिरतो."

"ताई, तू आईकडून भांडायला आली होतीस ना?"

"आले होतेच. म्हणून तर सांगते. पूर्वजांना वास गेला नाही तर त्यांचा अपमान कसला? बाहेरच्या खिडकीला लावलास का कागद?"

"लावला." जरा थांबून शिन्नोसुके म्हणाला, "ताई, कोपऱ्यातून वास शिरतो हे तुला कसं माहीत?"

बाहेरची सरसर थांबली. आत तोराजी उठून बसला होता आणि कान दाराला लावून होता.

"ऐकीव आहे," त्सुने म्हणाली.

"पुजाऱ्याच्या घरात?"

"अरे, सरकारनेच आता पुजाऱ्यांना मोकळीक दिलीय! यांना छातीचा त्रास आहे. अधूनमधून... थोडं... तू आईला बोललास तर बघ!"

तोराजीला हसू आवरेना. त्याने बाही तोंडात कोंबली. हसू ओसरल्यावर मात्र त्याला आपली परिस्थिती दिसली. दार चिकटवलेलं, खिडकी चिकटवलेली. बाहेर पडायचं तर कागद फाडायचा, आणि कागद फाडला की वहिनी म्हणणार, बघा, पूर्वजांना मान्य नाही, ठरलं, मांस नको. तो पुन्हा खाली बसला.

पलीकडच्या खोलीत निखाऱ्यांची शेगडी आली, उसना आणलेला तवा आला. कांद्याची पात चरचरली. मग तो वास आला. त्सुने काहीही म्हणो, कोपऱ्यातून तो शिरलाच. तोराजीने सकाळपासून काही खाल्लेलं नव्हतं.

"नुइ, बस जरा उशीला टेकून," शिन्नोसुकेचा आवाज. "हा घे. तुकडा अगदी मऊ आहे. तोंड उघड."

"सासूबाई कुठे आहेत?" नुइचा आवाज इतका बारीक होता की तोराजीला श्वास रोखावा लागला.

"इथेच आहे मी," वहिनी म्हणाल्या. दाराच्या अगदी जवळून. त्या दाराला पाठ लावून बसल्या असाव्यात, पूर्वजांच्या बाजूने पहारा देत. "मांजरे, तुझ्या मालकाला सांग, मी या खोलीतून हलणार नाही. माझ्या डोळ्यांदेखत काय ते होऊ दे."

"आई, डॉक्टर म्हणाला ते तू ऐकलंस," शिन्नोसुके म्हणाला. तो पहिल्यांदाच मांजराला टाळून बोलला. "खुद्द सम्राटांनी खाल्लं. सगळ्या देशाला कळलंय."

"सम्राटांच्या पूर्वजांचं सम्राट बघून घेतील. माझ्या दारामागे माझी माणसं आहेत."

"दारामागचे मेलेत, आई! ही जिवंत आहे!"

तव्यातलं पाणी उडाल्यासारखा आवाज झाला. बाळ कुठेतरी कुरकुरलं.

"अहो, तो वाडगा खाली ठेवा," नुइ म्हणाली. "मी खाईन. पण सासूबाईंनी खा म्हटल्याशिवाय नाही. मी या घरात आले तेव्हा मला भात कसा धुवायचा हेसुद्धा येत नव्हतं. त्यांनी हाताला धरून शिकवलं. त्यांच्या मनाविरुद्ध घास घशाखाली उतरणार नाही माझ्या. उतरला तरी टिकणार नाही."

"नुइ, वेड्यासारखं करू नकोस!"

"वेडं नाही. थकलेय मी. भांडणाच्या मध्ये बसून जेवायची ताकद नाही उरली."

दाराच्या या बाजूला तोराजीने कान दारावरून काढला. त्याला आतापर्यंत हे सगळं गंमत वाटत होतं. मांस आणलं, म्हातारीला चुकवलं, पुढे वर्षभर सांगायला गोष्ट झाली. पण ही पोर मरेल, हे त्याच्या डोक्यात आता शिरलं. दोन्ही बाजूंची माणसं तिच्यावर जीव टाकणारी, आणि त्यांच्या मधोमध ती भरल्या वाडग्यासमोर उपाशी.

"आई, म्हण ना एकदा खा म्हणून," त्सुने हळूच म्हणाली. बाजू बदलली होती तिने, आणि लपवतही नव्हती.

"तू पण?" वहिनी म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, एकटेपणा होता. "तुमचे बाबा असते तर त्यांनी सांगितलं असतं. ते म्हणाले असते तर मी एका शब्दाने आडवी आले नसते. पण मी माझ्या तोंडाने कशी म्हणू? हे घर त्यांनी माझ्या हातात दिलंय. काय उत्तर देऊ मी त्यांना?"

क्युहेइदादाचं नाव निघालं की या घरात अजूनही लोक पाठ ताठ करून बसत. 'तात्सुनोचं नाक' म्हणायचे त्याला. फिकट सोया कधी काढायचा, रस किती दिवस मुरू द्यायचा, हे तो नुसत्या वासावर सांगे आणि कधी चुकला नाही. बायकांनी कोठारात पाऊल टाकायचं नाही अशी रीत होती. पण पहाटेच्या अंधारात दिवा धरायला दादा बायकोलाच सोबत नेई. ती पिंपावर दिवा उचलायची, तो वाकून हुंगायचा आणि म्हणायचा 'काढा' किंवा 'आज नको'. 'बायकोच्या पदराला बांधलेला' म्हणून तोराजीने तरुणपणी भावाची भरपूर टिंगल केली होती.

तोराजीने बुधलीतला उरलेला घोट घेतला. देव्हाऱ्याकडे बघून हात जोडले. मग दादासारखा घसा साफ केला, खर्जात, तोंडात खारवलेलं फळ ठेवल्यासारखं.

"हं. ऐक, इसे."

बाहेर पात ढवळायची काठी खाली पडली.

"कोण आहे?" शिन्नोसुके ओरडला.

"ओरडू नकोस. बापासमोर ओरडतात का?" तोराजीने जीभ टाळूला लावून आवाज आणखी जड केला. "इसे, मी इथून सगळं ऐकतोय. आणि अगं, काय सुंदर वास येतोय! अहाहा! जिवंत असताना असा वास आला असता तर मी मेलो नसतो."

त्सुने पुटपुटत जप करू लागली. तोराजीला जोर चढला. तो थोडक्यात आटोपणारा माणूस कधीच नव्हता. "इथे पलीकडे सगळे आपलेच आहेत. आजोबा, पणजोबा. सगळे ओळीने बसून हुंगतायत. कुणाला राग नाही. आजोबा म्हणतायत, पोरीला जेवू घाला. हा कागद कशाला लावलाय, असंही विचारतायत."

दाराच्या पलीकडे, अगदी त्याच्या कानाजवळ, वहिनींचा तळहात कागदावर सरकल्याचा आवाज आला. तो हात बराच वेळ तिथे होता.

"असं म्हणता," वहिनी शेवटी म्हणाल्या. दाराला. मग त्या उठल्या. "नुइ, खा बाळा. तुझ्या सासऱ्यांनी सांगितलंय. आता मला काय, कुणालाच काही म्हणता येणार नाही."

"सासूबाई, तुम्ही मनापासून..."

"मनापासून. थांब, आधी तो तवा इकडे कर." वहिनी तव्यावर वाकल्या असाव्यात. त्यांनी एक लांब श्वास घेतला. "हे काय केलंस, शिन? बाजारचा सोया ओतलास? जळका वास मारतोय. माझ्या सुनेला पहिला घास हा देणार तू?"

खोलीतले सगळे थबकले, कारण त्या शिनशी बोलल्या होत्या. मांजराला मध्ये न घालता.

"आई, तूच म्हणालीस, आपल्या घरचा सोया यात पडणार नाही."

"तेव्हा म्हटलं होतं. जा, डाव्या हाताच्या तिसऱ्या पिंपातला आण. दुसऱ्यातला नको, तो अजून कच्चा आहे. पळ!"

शिन्नोसुके पळाला. अंगणात त्याच्या लाकडी खडावा खाडखाड वाजल्या, लहानपणी वाजायच्या तशाच. सोया आला, तवा पुन्हा चरचरला, आणि आता जो वास आला त्याने तोराजीला खरोखर रडू फुटलं. मग कुणीतरी हळूहळू चावत असल्याचा आवाज आला, मग नुइचा, "कोवळा आहे हो." मग जरा वेळाने, "आणखी थोडा आहे का?"

आणि तेव्हा सगळे एकदम बोलायला लागले. त्सुने हसत रडत होती, शिन्नोसुके कारण नसताना शेगडी फुंकत होता, आणि वहिनी म्हणत होत्या, "सावकाश, सावकाश, कुणी पळवून नेत नाही तुझा वाडगा."

दारामागे तोराजी नैवेद्याचा गार भात बोटांनी खात बसला.

जेवण झाल्यावर वहिनींचा आवाज मोठ्याने आला, गरजेपेक्षा बराच मोठ्याने. "चला, सगळे विहिरीवर! हातपाय धुतल्याशिवाय देवघर उघडायचं नाही. नुइला उचल, शिन, उन्हात बसव. मी शेवटची येते." पावलं लांब गेली. मग दाराच्या मधल्या फटीवरचा कागद वरपासून खालपर्यंत सर्रकन निघाला. कुणी काढला, ते तोराजीला कळलं नाही. त्याने वाट पाहिली, दार बोटभर सरकवलं. खोली रिकामी होती. उंबऱ्याशी एक वाडगा ठेवलेला होता, वाफाळता, वर कांद्याची पात. पूर्वजांचा नैवेद्य असणार, त्याने मनाशी म्हटलं, आणि पूर्वजांच्या वतीने तो उभ्या उभ्या संपवला. मग मागच्या दाराने नदीकडे सटकला आणि तासाभराने घामाघूम होऊन परत आला. "होडीच मिळेना!"

दैवाची केवढी कृपा, असं त्याला त्या दिवसापासून वाटत आलं होतं.

"...आणि वाडगा रिकामा!" पंगतीत तोराजी आता शेवटाला आला होता. नुइ बाळाला मांडीवर घेऊन ऐकत होती. तिच्या गालांवर रंग होता. शिन्नोसुके तिच्या ताटात आपल्या ताटातला तुकडा सरकवत होता आणि ती तो परत सरकवत होती. "चाटून लख्ख! आता सांगा, कोणी खाल्लं? मी नदीवर. बाकीचे विहिरीवर. पण मला ते मांसाचं नवल नाही. दादाचं नाक! मेल्यावरसुद्धा तसंच तिखट. चिकटवलेल्या दारातून त्याला वास आला. 'काय सुंदर वास येतोय, इसे', हे शब्द. हो की नाही, वहिनी? तुम्ही ऐकलेत."

"ऐकले," वहिनी म्हणाल्या. त्या गेन्पाचीच्या पेल्यात चहा ओतत होत्या. थेंब न सांडता त्यांनी तो भरला आणि किटली खाली ठेवली. "पहिल्या शब्दालाच ओळखलं मी, कोण आहे ते."

"बघा!" तोराजी म्हणाला.

"भावजी, तुमच्या दादांना वास येत नव्हता."

तोराजीची टोपी कपाळावर आली.

"लग्नाच्या दुसऱ्या वर्षी ताप आला त्यांना," वहिनी म्हणाल्या. "त्यात गेलं नाक. फुलाचा नाही, माशाचा नाही, जळत्या घराचासुद्धा वास आला नाही त्यांना पुन्हा कधी. बाहेर कळलं असतं तर सोयाचा धंदा बुडाला असता. म्हणून नाही बोलले मी. आणि त्या दिवशी तुम्ही आत बसून थाप मारलीत, तेव्हाही नाही बोलले. मला ती हवी होती. माझ्या तोंडाने निघत नव्हतं, ते कुणीतरी म्हणायला हवं होतं." त्या नुइकडे बघून जराशा हसल्या. "वाडगा तेवढा धुऊन ठेवायचा होतात. पूर्वज चाटत नाहीत."

नुइ फसकन हसली, मग शिन्नोसुके, मग त्सुने, आणि मग सगळी पंगत लोटपोट झाली. एकटा म्हातारा गेन्पाची हसत नव्हता. चहाचा पेला तोंडापर्यंत नेऊन तो तसाच थांबला होता. साऱ्या उमेदीत त्याने मालकांनी 'काढा' म्हटल्यावर पिंपं उघडली होती आणि 'आज नको' म्हटल्यावर झाकली होती.

"पण मालकीणबाई," तो हळूच म्हणाला, "मालकांना जर वास येत नव्हता, तर मग आमच्या पिंपांचा वास घेत कोण होतं?"

इसेवहिनींनी किटली पुन्हा उचलली.

"दिवा कुणाच्या हातात असायचा, गेन्पाची?"